शिकारी सलीम अली : प्रत्येक काडतुसाचा हिशेब

रत्नागिरी-रायगडाकडच्या आपल्या कितीतरी जुन्या घरांत आजही एक दुनळी बंदूक असते. आजोबांचा परवाना वडिलांच्या नावावर झाला, वडिलांचा मुलाच्या. शेतात रानडुकरं येतात म्हणून कधीकाळी घेतलेली. आता वर्षातून एक-दोनदा तेलाच्या फडक्यानं पुसायची आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करून यायची, एवढंच तिचं काम उरलंय. नळीवर विलायती कारखान्याचं नाव कोरलेलं असेल तर पाहुण्यांना ते मुद्दाम दाखवलं जातं, आणि मग शिकारीच्या गोष्टी निघतात. कुणाच्या दादांनी एका बारात किती पाखरं पाडली, कोण अंधारात नुसत्या आवाजावर नेम धरायचा.

या गप्पांमध्ये डॉ. सलीम अली यांचं नाव सहसा निघत नाही. ते पक्ष्यांचे डॉक्टर. शाळेच्या पुस्तकात भेटलेले, गळ्यात दुर्बीण अडकवलेले, किरकोळ अंगाचे दाढीवाले म्हातारे गृहस्थ. त्यांचा आणि बंदुकीचा काय संबंध, असंच आपल्याला वाटतं. पण हा माणूस पक्ष्यांपर्यंत पोचला तो बंदुकीच्याच वाटेनं. मोठेपणीही बंदूक त्यांनी खांद्यावर वागवली आणि ती गोष्ट कधी लपवली नाही. त्यांचं चरित्र मुलांना सांगताना आपण हा भाग गाळतो. माझ्या मते तोच भाग सांगायला हवा.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सगळ्यात धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मग खेतवाडीत राहणारे मामू अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या सगळ्या पोरक्या मुलांना आपल्या घरात घेतलं. मामू-मामींना स्वतःचं मूल नव्हतं. हे तय्यबजी म्हणजे तेच घराणं, ज्यातले बद्रुद्दीन तय्यबजी १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले होते. घर सुशिक्षित, माणसांचा राबता मोठा, आणि मामू शिकारीचे शौकीन. घरात शिकारीच्या गोष्टी, हाताशी शिकारीची पुस्तकं. अशा घरात वाढणाऱ्या मुलाला दुसरं काय व्हावंसं वाटणार? सलीमला मोठा शिकारी व्हायचं होतं.

मामूंनी त्याला छऱ्याची छोटी एअरगन दिली. त्या काळी मुंबईच्या बंगल्यांच्या आवारात चिमण्यांना तोटा नव्हता आणि पोरांच्या नेमबाजीच्या पैजा लागायच्या. या सवंगड्यांत लांबच्या नात्यातला एक भाऊ होता, त्याचा नेम फार पक्का. त्याचं नाव इस्कंदर मिर्झा. पुढे १९५६ मध्ये तो पाकिस्तानचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. खेतवाडीच्या चिमण्यांना कुठल्या कुठल्या हातांनी टिपलं, याचाही एक इतिहास होईल.

पण या दोन पोरांत एक फरक होता. सलीम चिमणी मारायचा आणि नंतर वहीत लिहून ठेवायचा. दहा-अकरा वर्षांचा असतानाची त्याची एक नोंद प्रसिद्ध आहे. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंड्यांवर बसलेली, नर बाहेर खिळ्यावर पहाऱ्याला. सलीमनं आडोशाला बसून नर टिपला. थोड्याच वेळात मादीनं दुसरा नर मिळवला आणि तोही त्याच खिळ्यावर येऊन बसला. सलीमनं त्यालाही पाडलं. असे सात दिवसांत आठ नर त्यानं त्या एका जागेवरून मारले आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळत गेला. पोरवयातली क्रूरता म्हणा हवं तर, मी म्हणेन. पण हे सगळं तारीखवार लिहून ठेवणारं पोर विरळाच. ती नोंद पुढे साठ वर्षांनी छापली गेली, तेव्हा जाणकारांना तिच्यात पक्ष्यांच्या वागणुकीचं खरंखुरं निरीक्षण दिसलं.

आपल्याकडे मुलांना शिकवलं जातं की विनाकारण मारलेली चिमणीसुद्धा कयामतच्या दिवशी आपली फिर्याद घेऊन उभी राहील. खाण्यासाठी शिकार जायज, पण निव्वळ मजेसाठी जीव घेणं नाही. खेतवाडीच्या त्या घरातही शिकार पोटासाठी असायची. चिमणी पडली की रिवाजाप्रमाणे जिबह करायची, मग ती खायची. ज्यांच्या घरात शिकार होते त्यांना ही धावपळ ठाऊक आहे. बार झाला की एकजण सुरी घेऊन पळतो, पाखराचा जीव जायच्या आत त्याच्यावर सुरी फिरायला हवी. कारण नुसत्या छऱ्याच्या मारानं मेलेलं पाखरू अनेक उलेमा हलाल मानत नाहीत.

असाच एक दिवस. सलीमनं एक चिमणी पाडली आणि सुरी फिरवणार, तोच त्याला तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, जणू कालवण सांडलंय. नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो. आता ही चिमणीच आहे का? आणि ही खायला चालते का? मुलाला शंका आली आणि त्यानं सुरी थांबवली. भारतातल्या पक्षिशास्त्राचा मोठा भाग या एका शंकेतून सुरू झाला, असं म्हटलं तर ते फार चुकीचं ठरणार नाही. हलाल की नाही, हे विचारायला तो मामूंकडे गेला. मामूंनाही पक्षी ओळखता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी सोसायटीचे सेक्रेटरी डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहून मुलाला तिकडे धाडलं. साल होतं १९०८.

सोसायटी तेव्हा फोर्टमध्ये फिप्सन यांच्या दारूच्या पेढीच्या जागेत होती. तिथे विल्यम नावाचा एक पाळलेला धनेश पक्षीही असायचा. बुजत बुजत आत गेलेल्या मुलाच्या हातातला कागदी पुडा मिलार्ड यांनी उघडला आणि ही पिवळ्या गळ्याची चिमणी म्हणून ओळखली. नुसतं नाव सांगून त्यांनी त्याला वाटेला लावलं नाही. कपाटाचे खण एकामागून एक ओढून दाखवले. आत पेंढा भरावा तसे कापूस भरलेले शेकडो पक्षी ओळीनं मांडलेले आणि प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी बांधलेली. कुठे मिळाला, कधी मिळाला, नर की मादी, कुणी मारला. सलीमनं आजवर मेलेली पाखरं फक्त ताटात पाहिली होती. मेल्यावरही पाखरू बोलतं, ते त्यानं इथे पाहिलं. मिलार्ड यांनी वाचायला पुस्तकं दिली, आणि पक्ष्याचं कातडं सोलून ते टिकवायचं कसं, हे शिकायची सोयही करून दिली.

पुढची वर्षं भराभर सांगतो, कारण त्यांत धरसोडच फार. अभ्यासात सलीम यथातथाच. तब्येत नाजूक. १९१३ मध्ये मॅट्रिक कसाबसा झाला. मग भावाच्या धंद्यात मदत करायला ब्रह्मदेशात तव्हॉयला गेला. तिथे कुटुंबाचा वुल्फ्राम खनिजाचा आणि लाकडाचा व्यवहार होता. धंद्यापेक्षा जंगलातच त्याचं मन जास्त रमलं. मुंबईला परत येऊन दावर कॉलेजात हिशेब आणि व्यापारी कायदा शिकला, सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या हाताखाली प्राणिशास्त्र शिकला. पदवी मात्र घेतली नाही. डिसेंबर १९१८ मध्ये तहमिना यांच्याशी निकाह झाला. पुन्हा ब्रह्मदेश, धंद्यात खोट, पुन्हा मुंबई. पदवी नाही म्हणून सरकारी पक्षितज्ज्ञाची जागाही हुकली. अखेर १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्ग विभागात लोकांना माहिती देणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी लागली. पगार महिना ३५० रुपये. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला प्रोफेसर एर्विन श्ट्रेसेमान यांच्याकडे शिकायला गेले आणि १९३० मध्ये परतले. परत येऊन पाहतात तर पैसे नाहीत म्हणून त्यांची जागाच रद्द झालेली. वय चौतिशीकडे झुकलेलं, हातात काम नाही.

मुंबईत राहणं परवडेना, तेव्हा नवरा-बायको अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. ज्यांनी किहीम पाहिलंय त्यांना तो सुरूचा किनारा, ती नारळी-पोफळीची वाडी डोळ्यांसमोर येईल. घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत होती. पावसाळा सुरू झाला होता. बेकार माणसाजवळ एकच गोष्ट भरपूर असते, ती म्हणजे वेळ. सलीम अलींनी शिडीच्या टोकाला कापडाचा आडोसा उभारला आणि त्यात तासन्‌तास बसून ते घरट्यांकडे पाहू लागले.

सुगरणीचं घरटं मादी विणते, असंच तोवर आपल्याकडे मानत. नावच सुगरण! त्यांनी पाहिलं ते वेगळंच होतं. विणकाम सगळं नराचं. तो घरटं अर्धं विणून थांबतो आणि पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरून पाहते, धागे ओढून पाहते. पसंत पडलं तर राहते, नाही तर सरळ निघून जाते. तिनं होकार दिला की मगच नर घरटं पुरं करतो. ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या पलीकडे दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. असं एका हंगामात दोन-तीनदा. हे सगळं आधी कुणी इतकं नीट मांडलं नव्हतं. लेख छापून आला आणि जगभरच्या पक्षिशास्त्रज्ञांना सलीम अली हे नाव कळलं.

इथे थोडं थांबायला हवं. या कामासाठी एकही काडतूस लागलं नाही. मेलेली सुगरण तुम्हाला तिच्या पिसांचा रंग सांगेल, चोचीची लांबी सांगेल, पण घरटं कुणी विणलं आणि कुणी नाकारलं ते सांगणार नाही. त्यासाठी ती जिवंतच हवी. इंग्रज पक्षितज्ज्ञांनी तोवर भारतात मारून जमवण्याचंच काम जास्त केलं होतं. जिवंत पक्षी कसा जगतो हे पाहणं किती मोलाचं आहे, ते किहीमच्या त्या पावसाळ्यानं सलीम अलींना दाखवलं आणि पुढे आयुष्यभर त्यांचा ओढा तिकडेच राहिला.

मग बंदूक सुटली का? नाही. आणि इथेच हा माणूस मला प्रामाणिक वाटतो.

भारताच्या फार मोठ्या भागात कोणते पक्षी आहेत याचा तेव्हा नीट पत्ताच नव्हता. विशेषतः संस्थानांच्या मुलखात. सलीम अलींनी संस्थानिकांना कळवलं की खर्च तुमचा, मेहनत माझी, पगार नको. पहिला होकार निजामाच्या हैदराबादचा आला. १९३१-३२ मध्ये ती पाहणी झाली. मग त्रावणकोर-कोचीन, मध्य भारत, म्हैसूर, गुजरात, कच्छ. बैलगाडी, तंबू, हिवताप, आणि सुरुवातीच्या वर्षांत बरोबर तहमिना. विलायतेत शिकलेली, सुखात वाढलेली ही बाई अंगावर एकही तक्रार न आणता जंगलात तंबूत राहायची. त्या वर्षांतल्या कामात तिचा वाटा मोठा आहे.

ही पाहणी बंदुकीशिवाय होण्यासारखी नव्हती. तेव्हाच्या दुर्बिणी साध्या, पक्ष्यांचे फोटो मिळणं मुश्कील, आणि झाडाझुडपांतले कितीतरी छोटे पक्षी एकमेकांसारखे इतके की हातात घेतल्याशिवाय ओळख पटत नाही. असं पाखरू आपण पाहिलं, या नुसत्या शब्दावर शास्त्र चालत नाही. पुरावा लागतो.

पक्षी गोळा करणाऱ्यांचं मुख्य हत्यार म्हणजे दुनळी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रायफलमधून एकच गोळी सुटते, दुनळीच्या काडतुसातून बारीक शिशाचे कितीतरी छरे एकदम सुटतात आणि पसरत जातात. बारा बोअर म्हणजे काय, तर नळीच्या तोंडाएवढे शिशाचे गोळे केले तर एक पौंडात बारा बसतात. वीस बोअरला वीस बसतात, म्हणजे नळी लहान. जुन्या दुनळ्यांना दोन घोडे बाहेर दिसतात, ते बोटानं मागे ओढावे लागतात. १८७५ च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यातल्या अॅन्सन आणि डीली या दोघांनी घोडे पेटीच्या आत नेले आणि बंदूक मोडली की ते आपोआप चढतील अशी रचना केली. पुढे तीच पद्धत जगभर रूढ झाली. आपल्याकडच्या बिनघोड्याच्या बहुतेक दुनळ्या त्याच जातीच्या.

दोन नळ्यांचा खरा फायदा पक्षी जमवणाऱ्याला कळतो. दोन नळ्या, दोन चाप, आणि बहुधा एक नळी पुढे जास्त आवळलेली, म्हणजे छरे लांबवर एकत्र जातात. शिकारी दोन्हींत सारखीच काडतुसं भरतो. नमुने जमवणारा एका नळीत मोहरीहून बारीक छऱ्यांचं काडतूस भरतो, दुसरीत थोडं जाड. समोर शिंजिर आला तर पहिला चाप, घार आली तर दुसरा. जाड छऱ्यानं शिंजिर मारला तर हातात पिसांचा चिंधडा येतो आणि त्याचा कुणालाच उपयोग नाही. शिकाऱ्याला पाखरू पडलं की पुरे. इथे पिसं शाबूत हवीत, चोच मोडता कामा नये. मोठ्या नेमबाजालाही हे काम साधेलच असं नाही, कारण यात कधी मारायचं नाही हे जास्त कळावं लागतं.

बार झाला की खरं काम सुरू. डोळ्यांच्या बुबुळांचा, चोचीचा, पायांचा रंग लगेच लिहायचा, कारण मेल्यावर तो उतरत जातो. मग पोटाकडून चीर देऊन अंग बाहेर काढायचं, कवटी आणि पंख-पायांची हाडं ठेवायची, कातड्याला आतून सोमल लावायचा म्हणजे कीड लागत नाही, कापूस भरून शिवायचं. आत पाहून नर की मादी ते ठरवायचं. पोटात काय होतं, किडे की दाणे, तेही लिहायचं. शेवटी पायाला चिठ्ठी. दिवसभर रान तुडवल्यावर कंदिलाच्या उजेडात रात्री हे चालायचं. एका काडतुसामागे इतका हिशेब.

हिशेब ठेवणाऱ्या शिकाऱ्यांचं सलीम अलींना आधीपासून आकर्षण होतं. म्युझियमच्या नोकरीच्या काळात त्यांनी मुघल बादशहांच्या निसर्गप्रेमावर आणि शिकारीवर लेखमाला लिहिली होती. तिच्यातला नायक अर्थात जहांगीर, ज्याचं मूळ नावही सलीमच. जहांगीरनं एकदा आपल्या शिकारीचा हिशेब काढायला लावला. बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या हजेरीत २८,५३२ जनावरं आणि पाखरं मारली गेली, त्यांतली १७,१६७ त्याच्या स्वतःच्या हातची. आणि याच बादशहानं लैला-मजनू नावाची सारसाची जोडी पाळून ती कशी अंडी घालते, नर-मादी पाळीपाळीनं कसे बसतात, हे दिवसागणिक लिहून ठेवलं. एकाच माणसात दोन्ही होतं. सलीम अलींना ते विचित्र वाटलं नसावं.

१९३७ मध्ये ते अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले, कर्नल रिचर्ड माइनर्त्झहागेन या नामांकित इंग्रज पक्षितज्ज्ञाबरोबर. कर्नलसाहेब तापट आणि मिजासखोर. त्यांनी डायरीत सलीम अलींबद्दल बरंच वाईट लिहिलं. पक्षी गोळा करण्यापलीकडे हा माणूस काही कामाचा नाही, आणि सारखा टिपणं लिहीत बसतो. सलीम अलींनी पुढे आपल्या आत्मचरित्रात हे सगळं हसत हसत छापलं. कर्नलच्या डायरीची आणखी एक बाजू आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

पुढचं वर्ष १९३८. सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस, १२ नोव्हेंबर. ते त्या दिवशी भरतपुरात नव्हते, पण भरतपुरात त्या दिवशी जे झालं ते केवलादेवच्या तळ्याकाठी दगडावर कोरून ठेवलंय. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मंडळींनी एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. बहुतेक बदकं, हजारो मैलांवरून हिवाळ्यापुरती आलेली. अशा मेजवान्यांत बंदुका जोडीनं असत. लंडनच्या पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंडकडून एकसारख्या दोन दुनळ्या बनवून घ्यायच्या. साहेब एकीनं बार काढतो, मागे उभा असलेला माणूस दुसरी भरून हातात देतो, मध्ये क्षणाचीही खोटी नको. आज याच जोड्या लिलावात मोठ्या किमतीला जातात आणि जगभरचे शौकीन त्या जमवतात. लाकडावरची रेघ, पोलादावरची नक्षी, सगळं खरंच देखणं असतं. त्या हत्यारात वाईट काही नाही. पण त्या ४,२७३ पैकी एकाच्याही पायाला चिठ्ठी बांधली गेल्याचं त्या दगडावर नाही. फक्त आकडा आहे.

१९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तहमिना गेल्या. एकवीस वर्षांचीही साथ पुरी झाली नाही. सलीम अली पार खचले. पाली हिलवर बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी राहायला गेले आणि पुढचं सारं आयुष्य त्यांनी रानावनात आणि लिहिण्यात घालवलं. दुसरं लग्न केलं नाही. १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं, ज्यानं सामान्य घरांत पक्षी पाहायची गोडी लावली. १९६८ ते १९७४ या काळात अमेरिकन मित्र डिलन रिप्ली यांच्याबरोबर दहा खंडांचा मोठा ग्रंथ पुरा केला. त्यातल्या पानापानाला जुन्या कातड्यांच्या चिठ्ठ्यांचा आधार आहे.

स्वातंत्र्यानंतर भरतपुरात वेगळीच मागणी पुढे आली. राजांचं तळं आता कशाला हवं, पाणी काढून जमीन शेतीला द्या. गरिबांची मागणी होती, तिला सहज खोटं म्हणता येत नव्हतं. सलीम अलींनी थेट पंडित नेहरूंपर्यंत आपलं म्हणणं नेलं आणि तळं वाचलं. गंमत अशी की ते तळं मुळात टिकलं होतं ते राजाच्या शिकारीसाठीच. शिकारीचं रान म्हणून राखलं नसतं तर पक्ष्यांसाठी वाचवायला काही उरलंच नसतं. मोठ्या शिकारी तिथे १९६४ पर्यंत चालल्या. १९८५ मध्ये केवलादेव जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

त्याच तळ्यावर सलीम अलींनी बंदुकीऐवजी जाळी लावली. बारीक जाळ्यात पक्षी पकडायचा, पायात नंबराचं हलकं वाळं घालायचं, सोडून द्यायचा. वाळ्यावर मुंबईच्या सोसायटीला कळवा असा मजकूर. हजारो पक्षी असे सोडले गेले. मग सोव्हिएत मुलखातून, सैबेरियाकडून पत्रं येऊ लागली की तुमच्या नंबरचं बदक इथे सापडलं. सापडलं म्हणजे बहुतेक वेळा कुणा शिकाऱ्यानं मारलं. तिकडच्या अनोळखी दुनळीनं मुंबईला पत्ता सांगितला की भरतपूरची बदकं उन्हाळ्यात कुठे जातात. मला हे वाचून दर वेळी हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं.

म्हातारपणी त्यांच्यावर टीकाही झाली. तुम्ही पक्ष्यांना वाचवा म्हणता आणि स्वतः हजारो मारले, त्याचं काय? त्यांनी सारवासारव केली नाही. शास्त्रासाठी मोजके नमुने घेणं आणि हौसेखातर कत्तल करणं यांत फरक आहे, हेच ते सांगत राहिले. हे उत्तर सगळ्यांना पटेल असं नाही. मलाही ते अर्धंच पटतं. काही नमुने कमी चालले असते, असं आज मागे वळून म्हणता येतं. पण १९७२ चा वन्यजीव कायदा येऊन शिकार बंद झाली आणि कोणता पक्षी कुठे आहे, किती दुर्मीळ आहे याच्या याद्या करायची वेळ आली, तेव्हा बऱ्याच माहितीचा उगम त्याच खणांत होता.

१९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक. सायलेंट व्हॅलीचं जंगल वाचवायला त्यांनी आवाज उठवला. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं ते एका चिमणीच्या पडण्यावरून, आणि ती चिमणी कोणती हे आता आपल्याला ठाऊक आहे. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटावर त्यांच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे. फेरीबोटीनं जाता येतं, मुलांना घेऊन जरूर जा.

आता कर्नलसाहेबांची बाजू. त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी तपास झाला, तेव्हा कळलं की या माणसानं संग्रहालयांतले दुसऱ्यांनी जमवलेले पक्षी चोरले, कातडी उसवून पुन्हा शिवली आणि त्यांच्या पायांना आपल्या नावाच्या खोट्या चिठ्ठ्या बांधल्या. त्यात एक होतं रानपिंगळा नावाचं छोटं घुबड. ते आपण १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मारलं, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं. खरं म्हणजे ते डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्यानं १८८० च्या दशकात आपल्या खानदेशात मिळवलेलं होतं. त्या एका खोट्या चिठ्ठीपायी शोधणारे चुकीच्या मुलखात हिंडत राहिले. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला खात्रीनं सापडलाच नव्हता, तो नष्ट झाला असंच लोक धरून चालले होते.

खोटी चिठ्ठी बाजूला काढून, खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं पाहत काही अमेरिकन पक्षितज्ज्ञ आपल्याकडे आले. नोव्हेंबर १९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ, भर दिवसा, निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. नंतर तो मेळघाटात सापडला, मुंबईजवळ तानसाच्या जंगलातही सापडला. सलीम अली जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.